केमोच्या जोडीने दुसरे उपचार घेताना: आईच्या वहीवरून

स्तनाच्या कर्करोगासाठी आईची केमो सुरू होती आणि तिच्या पायात गोळे येऊ लागले. पावलं सुजली, रक्तदाब चढला. आम्ही सगळा दोष केमोला दिला. रक्त तपासलं, तर पोटॅशियम फार खाली गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय घेता?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीतून ज्येष्ठमधाच्या चूर्णाची बाटली काढली. खोकल्यासाठी दीड महिना, रोज तीनदा.

ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनमुळे शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. रक्तदाबासाठी तिची लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तिनेही पोटॅशियम घटतं. डॉक्टर रागावतील या भीतीने आई बोलली नव्हती, आणि मी कधी विचारलंच नव्हतं. याची चुटपुट मला अजून आहे.

म्हणून आधी एक वही करा. गोळ्या, चूर्णं, काढे, तेलं, जीवनसत्त्वं, कुणी प्रेमाने आणून दिलेली पुडी, सगळं लिहा: नाव, मात्रा, कधीपासून, कशासाठी. ही वही डॉक्टरांना दाखवा, तशीच वैद्यांनाही. रुग्णाला विचारताना आवाजात दटावणी नको, नाहीतर बाटली पुन्हा पिशवीत जाते. ज्यावर घटक लिहिलेले नाहीत ते घेऊच नका. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2008 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

वहीतला 'कशासाठी' हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मळमळ, दुखणं, झोप, धास्ती, थकवा असं काही तिथे असेल, तर जोडीच्या उपचाराला खरंच जागा आहे. केमोनंतरच्या मळमळीवर ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी 1997 मध्येच म्हटलं होतं. आईच्या रक्तातल्या पेशी कमी असल्याने सुया नकोत, असं डॉक्टर म्हणाले. मग मी तिच्या मनगटावरचा बिंदू दाबायचे: आतल्या बाजूला, घडीपासून तिचीच तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (हाताला लागणाऱ्या ताठ दोऱ्यांच्या) मधोमध, दोन-तीन मिनिटं. उलटीची गोळी वेळेवर दिलेली असायचीच. रात्री तळपायांना हलक्या हाताने तेल लावलं की ती झोपायची. त्या झोपेची किंमत मला ठाऊक आहे. (पाय एकाच बाजूने सुजला, दुखला किंवा गरम लागला, तर मात्र चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दाखवा.)

त्याच रकान्यात 'गाठ विरघळण्यासाठी' असं आलं की थांबा. केमो थोडे दिवस बंद ठेवून हे करून बघा, असं आम्हाला अगदी जवळच्या माणसांनीही सांगितलं. मी नाही म्हटलं. प्रमाणित उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या 281 कर्करुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये आला. प्रमाणित उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता.

"झाडपाला आहे, काय बाधणार?" हेही फार ऐकलं. आईच्या सलाईनमधलं पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध मुळात यू झाडाच्या सालीतच सापडलं. झाडात एवढी ताकद असते, म्हणूनच जपायचं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती यकृतातली विकरं (एन्झाइम्स) वाढवते आणि दुसरी औषधं शरीरातून लवकर निघून जातात. तिच्यामुळे सायक्लोस्पोरिन या, प्रत्यारोपणानंतर अवयव टिकावा म्हणून देतात त्या औषधाची रक्तातली पातळी घसरून प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारल्याच्या नोंदी आहेत.

शस्त्रक्रिया ठरली की वही भूलतज्ज्ञांनाही दाखवा. वनस्पतींची पूरक औषधं साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. गिंको, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

नवीन काही सुरू करायचं तर विचारून, एका वेळी एकच. त्यानंतर डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगभर खाज सुटली, तर ते बंद करा आणि बाटली घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.