रेडिओवर नव्या सिनेमाची चर्चा: समीक्षक, दिग्दर्शक आणि अर्धा तास

ऐकणाऱ्याने सिनेमा पाहिलेला नसतो. निवेदक, समीक्षक आणि दिग्दर्शक या तिघांनी मात्र पाहिलेला असतो, त्यामुळे पाच मिनिटांत ते आपापसांत बोलू लागतात आणि श्रोता दाराबाहेर राहतो. कम्युनिटी रेडिओवरचा साप्ताहिक कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवून पुढची पद्धत दिली आहे. मोठ्या स्टेशनवर माणसं वाढतील, कामं तीच राहतील.

अर्ध्या तासातली साधारण २७ मिनिटं तुमची. बाकीची जाहिराती आणि स्टेशनची ओळख खातात. त्यात प्रस्तावना दीड मिनिट, समीक्षक ९, क्लिपा दीड, दिग्दर्शक ११ आणि उरलेल्या ४ मिनिटांत आठवड्यातल्या इतर सिनेमांचा धावता आढावा. सविस्तर चर्चा एकाच सिनेमाची करावी. तीन घेतले की प्रत्येकाच्या वाट्याला "अभिनय उत्तम, संगीत ठीक" एवढंच येतं.

सिनेमा शुक्रवारी लागतो. पत्रकारांसाठीचा खास खेळ, म्हणजे प्रेस शो, आधी झाला तर बरं, नाहीतर समीक्षकाला शुक्रवारचा सकाळचा खेळ पाहून दुपारी रेकॉर्डिंगला यावं लागतं. शनिवारी दिग्दर्शक आणि संकलन, रविवारी सकाळी प्रसारण. सोमवारी मराठी सिनेमाचे खेळ बऱ्याचदा कमी होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून रविवार दुपारच्या आत कार्यक्रम लागलेला बरा. प्रेस शो असेल तर परीक्षण कधीपासून प्रसारित करता येईल हे सिनेमाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआरओकडून लेखी घ्या. दिग्दर्शक त्या दोन दिवसांत थिएटर भेटींत अडकलेला असतो, त्यामुळे त्याची २५ मिनिटं गुरुवारीच पक्की करून ठेवावीत.

समीक्षक आणि दिग्दर्शकाला एकत्र बसवण्याचा मोह टाळा. सिनेमा करणारा माणूस हातभर अंतरावर असला की समीक्षकाला भीड पडते. भीड नाही पडली तर वाद होतो आणि तो फक्त त्या दोघांनाच कळतो. आधी समीक्षक एकटा. त्याच्या बोलण्यातला एकच ठोस आक्षेप, ३०-४० सेकंदांचा, बाजूला काढा आणि दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला ऐकवून उत्तर घ्या. हे करणार आहोत, हे दोघांनाही आधी सांगायचं. प्रश्नांची यादी मात्र पाठवू नये, पाठ केलेली उत्तरं येतात.

"या सिनेमातून काय संदेश द्यायचा आहे?" आणि "कामाचा अनुभव कसा होता?" हे दोन प्रश्न दिग्दर्शकाने त्या आठवड्यात असंख्य वेळा ऐकलेले असतात. त्याऐवजी एका प्रसंगाला हात घाला: तो कुठे चित्रित केला, किती टेक झाले, तिथला आवाज जागेवरच रेकॉर्ड केला की नंतर डबिंग झालं, पात्रं ज्या भागातली आहेत तिथली बोली कोणी तपासली. आवाजाबद्दलचे प्रश्न रेडिओवर सोन्यासारखे, कारण उत्तर आलं की लगेच तीच क्लिप वाजवता येते. समीक्षक "छायाचित्रण सुरेख" म्हणाला की तिथेच थांबवा आणि पडद्यावर नेमकं काय दिसतं ते सांगायला लावा.

कथा किती सांगायची? मध्यंतरापर्यंत. रहस्यपट असेल तर पहिल्या वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये.

क्लिप २० ते ४० सेकंदांची, शक्यतो दोनच पात्रांची, पार्श्वसंगीत संवादावर न चढलेली. वाजवण्याआधी कोण कोणाशी कुठे बोलतंय ते एका वाक्यात सांगा. फाइल पीआरओकडून मागवा. ती ५.१ (सहा चॅनलच्या आवाजाची) असेल तर फक्त डावा-उजवा चॅनल उचलू नका. संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात, आणि तुमच्याकडे नुसतं संगीत येईल. "तीस सेकंदांपर्यंत चालतं" हा समज खोटा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा आहे, पण त्यात सेकंदांची मोजदाद नाही. चर्चेशी संबंध नसलेलं अख्खं गाणं त्या मुभेत बसत नाही, त्याला स्टेशनचा परवाना लागतो. निर्माताच कार्यक्रमाचा प्रायोजक असेल तर तसं प्रसारणात सांगून टाका.

माईक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. समोर धरला की प, फ, भ फुटतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट डब्ल्यूएव्ही (न दाबलेली फाइल). आवाजाची टोकं मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. बांगड्या, कागद आणि चहाचे कप टेबलावरून दूर. सगळे गप्प असताना खोलीचा ३० सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कापलेल्या जागा भरायला तोच लागतो. दिग्दर्शक फोनवर असेल तर त्याला स्वतःच्या मोबाइलवरही रेकॉर्ड करायला सांगा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायला लावा. नंतर त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

दोन पुरुषी आवाज एकसारखे वाटत असतील तर दर दोन-तीन मिनिटांनी नाव घेऊन प्रश्न विचारा. मधेच रेडिओ लावणाऱ्यालाही त्याने कळतं. नावांचे उच्चार फोन करून विचारून घ्या, रोमन लिपीतल्या श्रेयनामावलीवरून मराठी आडनावं हमखास चुकतात.

संकलनात "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली" कमी करा, पण श्वास अर्धवट कापू नका, तो लगेच कानाला खटकतो. दिग्दर्शकाच्या वाक्यातला "पण" आणि त्यापुढचा भाग कधीही उडवायचा नाही. तिथेच बहुतेक भांडणं होतात. तयार फाइल मोनो (एकाच चॅनलची) करून साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. हेडफोनवर छान वाटणारी क्लिप तिथे कळेनाशी होत असेल तर दुसरी निवडा.