आरसी हेलिकॉप्टरला कमी पैशातला ईएससी घेताय? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात विश्रामबागेतला अकरावीचा एक मुलगा त्याचं रिमोटवर उडणारं ४५० साइझचं हेलिकॉप्टर घेऊन माझ्याकडे आला. उडताना मधेच सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरतात, एवढीच तक्रार. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, कोणता बसवलाय विचारलं तर म्हणाला, "काका, चाळीस अँपिअरचा हाय की. मोटर तीसच्या वर जात न्हाई. अजून काय बघायचं?"

त्याचं अँपिअरचं गणित बरोबर होतं. पण हेलिकॉप्टरमधला ईएससी नुसती मोटर फिरवत नाही. रिसीव्हर, टेल स्थिर ठेवणारा जायरो, वरच्या पात्यांना कोन देणाऱ्या स्वॉश प्लेटचे तीन सर्व्हो आणि टेलचा चौथा, या सगळ्यांना वीज त्याच्याच पोटातल्या बीईसीतून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागातून जाते. ही वीज क्षणभर कमी पडली तर विमान निदान तरंगत राहतं; हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात कलंडलेलं असतं. म्हणून मी आधी बीईसी बघतो, अँपिअर नंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

लिनियर बीईसीवर भरवसा

स्वस्त ईएससीत बहुतेक वेळा लिनियर बीईसी असतो. तो नको असलेलं व्होल्टेज उष्णता करून उडवून टाकतो. तीन सेलची लिपो पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट देते आणि सर्व्होंना हवे असतात ५. उरलेले ७.६ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे १५ वॅट. घरातला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, यावरून अंदाज घ्या. सहा सेलवर हाच आकडा ४० वॅटपर्यंत जातो. आणि हे सगळं कॅनोपीच्या, म्हणजे पुढच्या कवचाच्या आत, जिथे विमानासारखा समोरून वारा लागत नाही.

हे मी मशीन पाडूनच शिकलो. तासगाव रस्त्याला हरभरा काढलेल्या एका रानात एप्रिलमध्ये उडवत होतो. तिसरी बॅटरी लावली, ईएससी गार होऊ दिला नाही. चौथ्या मिनिटाला वीसेक फुटांवर मशीनला एक झटका बसला आणि ते तिरकं होऊन ढेकळांत आदळलं. उचललं तेव्हा रिसीव्हरचा दिवा मिचमिचत होता, ईएससीला बोट लावता येत नव्हतं, आणि बॅटरीत मात्र प्रत्येक सेलला ३.८ व्होल्ट शिल्लक होते. म्हणजे बॅटरी संपली नव्हती. तापलेल्या बीईसीने हात टेकले आणि रिसीव्हर बंद पडून परत सुरू झाला. फेदरिंग शाफ्ट वाकला, मेन गिअरचे दात गेले, एक ब्लेड मोडलं. ईएससीत वाचवलेल्या पैशांपेक्षा भागांचा खर्च जास्त झाला.

घेतानाच 'स्विचिंग बीईसी' किंवा 'एसबीईसी' असं लिहिलेलं बघा; तो जादा व्होल्टेज असं उष्णतेत उडवत नाही. ४५० ला तो सलग ३ अँपिअर देणारा असावा, ५०० ला ५ किंवा जास्त. डिजिटल सर्व्हो असतील तर यात तडजोड करू नका. 'ऑप्टो' लिहिलेल्या ईएससीत बीईसी नसतोच, त्याला वेगळा बीईसी घ्यावाच लागतो.

आधीच घेऊन बसला असाल तर घरीच तपासा. मोटरच्या तिन्ही वायरी काढा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टला लावा. बॅटरी जोडा आणि ट्रान्समीटरच्या दोन्ही दांड्या एकदम, जोरात, गरागरा फिरवा. पाच मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. आकडा ५ च्या आसपास ठाम राहिला पाहिजे. साधं मीटर सावकाश वाचतं, म्हणून त्यावर ४.७ दिसलं तर खरी घसरण त्याहून खोल असते. त्या मुलाच्या मशीनवर सुरुवातीला ५ दिसले आणि पाच मिनिटांनी ४.५. एवढी घसरण म्हणजे तो ईएससी तसाच हवेत न्यायचा नाही.

ईएससी फेकायची गरज नव्हती. त्याला वेगळा स्विचिंग बीईसी जोडला. इथे एक चूक हमखास होते: ईएससीची लाल वायर रिसीव्हरला तशीच राहते आणि दोन्ही बीईसी एकमेकांशी भांडतात. थ्रॉटलच्या (मोटरच्या वेगाच्या) कनेक्टरवरची प्लास्टिकची जीभ सुईने अलगद उचला, लाल वायरची पिन मागे ओढून काढा आणि तिच्यावर हीट श्रिंक चढवा. वायर कापू नका, पुढे कधीतरी परत लागते.

विमानाचा ईएससी हेलिकॉप्टरला

मिळतो स्वस्त, म्हणून बरेच जण बसवतात. आधी तीन गोष्टी बघा. सॉफ्ट स्टार्ट आहे का? नसेल तर थ्रॉटल देताच मोटर झटका देते आणि तो सगळा मेन गिअरच्या दातांवर येतो. ब्रेक बंद करता येतो का? थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करायचं बटण) मारल्यावर मोटर मोकळी फिरत थांबली पाहिजे. आणि बॅटरी उतरल्यावर तो काय करतो? विमानाच्या सेटिंगवर तो मोटर एकदम तोडतो. विमान तरंगत येईल, तुम्ही काय कराल? मोटर हळूहळू कमी करणारा 'सॉफ्ट कट' निवडा, आणि भिस्त टायमरवर ठेवा. उतरल्यावर सेल ३.७ च्या आसपास दिसतील असा वेळ लावा.

गव्हर्नर, म्हणजे पात्यांचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, हा माझ्या मते नवख्यासाठी अडून बसण्याचा मुद्दा नाही. चांगली थ्रॉटल कर्व्ह (दांडी कुठे असताना मोटरला किती थ्रॉटल द्यायचा तो आलेख) लावली तर शिकायला पुरते. पण गव्हर्नर लावलाच तर कर्व्ह सपाट ठेवा, ७५ ते ८५ टक्के. इंग्रजी व्ही आकाराची कर्व्ह तशीच ठेवून गव्हर्नर चालू केला की हेड स्पीड (वरच्या पात्यांचा वेग) वरखाली होतो आणि टेल डोलायला लागते. मग लोक जायरो बदलत बसतात. फ्लायबारलेस युनिटचा (मशीन स्थिर ठेवणाऱ्या सर्किटचा) गव्हर्नर वापरणार असाल तर ईएससीचा बंद करा.

'अर्ध्या थ्रॉटलवर थंड राहतो' हा गैरसमज

ईएससी अर्ध्या थ्रॉटलवर सतत चालू-बंद करत राहतो, आणि त्या स्विचिंगमध्येच तो तापतो. मोठं पिनियन (मोटरच्या टोकाचं छोटं गिअर) लावून थ्रॉटल कमी ठेवणं म्हणूनच महागात पडतं. माझ्या मशीनला ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे) मोटर आणि १५० दातांचं मेन गिअर आहे. तीन सेलवर (११.१ व्होल्ट धरून) १३ दातांच्या पिनियनने कागदावर ३३६७ आरपीएम येतात, ११ दातांच्या पिनियनने २८४९. प्रत्यक्षात भाराखाली ते कमी होतात. मला २५०० च्या आसपास उडवायचं असतं, त्यामुळे ११ चं लावलं. थ्रॉटल वर राहिला आणि ईएससी बोट ठेवण्याइतका कोमट यायला लागला.

अँपिअर मोटरच्या सर्वांत जास्त भारापेक्षा पाव भाग जादा घ्या. वेष्टनावरचा 'बर्स्ट' आकडा सहसा दहा सेकंदांपुरता असतो, तो धरून हिशोब करू नका.

वायरी आणि डाग

बॅटरीकडची वायर लांबवू नका. लांब वायरीमुळे व्होल्टेजचे जे झटके उठतात ते ईएससीच्या कॅपॅसिटरला मारतात. जागा पुरत नसेल तर मोटरकडच्या तीन वायरी लांबवा. मोटर उलटी फिरली तर त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की काम झालं. मोटर जागच्या जागी थरथरते पण फिरत नाही, तेव्हा ईएससी जळाला असं म्हणायच्या आधी बुलेट कनेक्टरचा डाग (सोल्डरचा जोड) बघा. नीट बसलेला डाग चकचकीत आणि वायरीवर पसरलेला असतो. राखाडी, दाणेदार गोळी दिसली तर आत वायर सुटीच आहे. जाड वायरीला २५ वॅटचा आयर्न पुरत नाही, ६० चा मागून आणा.

बॅटरी लावल्यावर नुसताच बीप बीप चालू राहिला तर थ्रॉटलची रेंज शिकवलेली नाही. दांडी वर करून ट्रान्समीटर चालू करा, मग बॅटरी जोडा, बीप आला की दांडी खाली. काही ट्रान्समीटरवर त्याआधी थ्रॉटल चॅनेल रिव्हर्स करावा लागतो. हे करताना मेन ब्लेड काढलेली आणि पिनियन मेन गिअरपासून सरकवलेलं असू द्या. टेबलावर फिरलेलं ब्लेड बोट बघत नाही.