शालेय बुद्धिबळ स्पर्धा एका दिवसात कशी घ्यावी

मुलांसाठी बाद पद्धत टाळाच. पहिला डाव हरलेलं मूल तासाभरात घरी जातं, मग खेळणार कधी? स्विस पद्धतीत सगळेच सगळ्या फेऱ्या खेळतात आणि साधारण सारख्या गुणांची मुलं समोरासमोर येतात. 32 पर्यंत खेळाडूंना 5 फेऱ्या, 64 पर्यंत 6. संख्या विषम असेल तर दर फेरीत जोडी न मिळालेल्या एकाला बाय, म्हणजे न खेळता पूर्ण 1 गुण. तो एकाच मुलाला दोनदा देऊ नका.

वेळ प्रत्येकी 15 मिनिटं आणि दर चालीला 5 सेकंद जादा. फेरीसाठी 50 मिनिटं धरा. घड्याळांचे जादा सेल ठेवा.

सुरू होण्याआधी प्रत्येक पट पाहा: उजव्या हाताचा कोपरा पांढरा हवा, पांढरा वजीर पांढऱ्या घरात. राजा-वजिराची अदलाबदल हमखास होते, आणि ती दहाव्या चालीला कळली की वाद होतात.

खरी भांडणं निकालावरून. लहान मुलं मात नसतानाही ‘मात’ म्हणतात, समोरचा घाबरून मान्य करतो, दोघे मोहरे आवरतात. मग पंचाला काहीच तपासता येत नाही. म्हणून आधीच बजावा: डाव संपला की मोहऱ्यांना हात लावायचा नाही, हात वर करायचा. पंच पट पाहील, दोघांच्या सह्या घेईल, मगच उठायचं.

पालक दालनाबाहेर. याला अपवाद नको.