ज्वारीची पाखरे राखताना या चुका टाळा

रब्बी ज्वारी पेरणीपासून निसवण्यापर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडेपर्यंत, शेतकऱ्याकडे फारसे काही मागत नाही. पेरताना ओल चांगली असली आणि थंडी वेळेवर पडली, तर ती आपल्या बळावर उभी राहते. मात्र कणसात दाणा भरू लागला की तिची खरी परीक्षा सुरू होते, कारण त्यानंतरचा साधारण महिनाभराचा काळ पाखरांचा असतो. सोलापूर, मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या पट्ट्यात चार महिने जपलेले पीक याच काळात आठ-दहा दिवसांत पिशी, म्हणजे दाण्याविना पोकळ कणसे, झालेले मी पाहिले आहे. त्यातल्या बहुतेक शेतांत राखण होत नव्हती असे मुळीच नाही. राखण होत होती, पण ती उशिरा, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागेवरून होत होती.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पाखरे बसू लागल्यावर राखणीला सुरुवात करणे. ही चूक का महाग पडते हे समजण्यासाठी पाखरे शेत कसे निवडतात ते नीट पाहायला हवे. वरून जाणारा थवा दाण्यापेक्षा दाणा खाणाऱ्या पाखरांकडे अधिक लक्ष देतो. खाली चार पाखरे निवांत चरत असतील, तर तिथे खाद्य आहे आणि धोका नाही, या दोन्ही गोष्टी वरच्या थव्याला एकाच नजरेत कळतात. इंग्लंडमध्ये रेपसीड आणि वाटाण्याच्या शेतांवर उतरणाऱ्या वुड पिजन जातीच्या कबुतरांची शिकार करणारे लोक याच स्वभावाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. ते नकली कबुतरे वाऱ्याकडे तोंड करून शेतात मांडतात आणि मध्ये उतरण्यापुरती मोकळी जागा ठेवतात, म्हणजे वरून जाणारी खरी कबुतरे आपण होऊन त्या जागेकडे वळतात. आपल्या ज्वारीत नकली पाखरे मांडायची गरजच पडत नाही, कारण सकाळी पहिल्यांदा बसलेल्या दहा चिमण्या तेच काम करतात आणि त्यांच्या मागोमाग शंभर येतात. म्हणून पहिली दहा पाखरे बसू न देणे हेच राखणीचे खरे काम आहे, आणि बसलेला शंभरांचा थवा उठवण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.

यासाठी सुरुवातीचा दिवस अचूक धरावा लागतो. फुलोरा संपत आला की रोज सकाळी शेताच्या चारही बाजूंची दोन-दोन कणसे हातात धरून पाहावीत. कणसाचे टोक आधी फुलते, त्यामुळे दाणाही तिथेच आधी भरतो, आणि तपासणी बुडख्याकडून न करता टोकाकडून करायला हवी. टोकाचा दाणा दोन नखांत दाबल्यावर पांढरा चिक बाहेर आला, की राखण त्याच दिवसापासून सुरू करावी. आमच्या शेतात एका हंगामात दाणा अजून कोवळा आहे असे समजून आम्ही चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी बांधालगतच्या ओळीतले कणीस वाकवून पाहिले, तर टोकाकडचा तीन बोटांचा भाग पोकळ झाला होता, टरफले जागच्या जागी होती आणि त्यांच्या कडांना सुकलेल्या चिकाचे पांढरे डाग होते. चिमणी कोवळा दाणा उचलून नेत नाही, ती तो जागेवरच पिळून घेते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला कणीस भरलेलेच दिसते. असे कणीस काढणीनंतर हाताला हलके लागते, आणि तोवर उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

दुसरी चूक वेळेची आहे. पाखरांचा मुख्य चारा उजाडल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत आणि दुपारी चारनंतर सूर्य मावळेपर्यंत होतो. भर दुपारी ती झाडांत किंवा उसात विसावतात. तरीही अनेक ठिकाणी घरची कामे, धारा आणि न्याहारी उरकून राखणदार नऊ वाजता शेतात पोहोचतो आणि ऊन कलताच घरी निघतो. अशी राखण नेमकी पाखरांच्या विश्रांतीच्या वेळेत होते. माणूसबळ कमी असेल, तर दुपारचे चार तास खुशाल सोडून द्यावेत, पण फटफटताना शेतात माणूस हवाच. रात्रभर उपाशी असलेले पाखरू सकाळी ज्या शेतात पहिल्यांदा पोट भरते, त्या शेतात ते दुसऱ्या दिवशीही सरळ येते.

राखणीच्या जागेचाही विचार करावा लागतो. राखणीचा माळा, म्हणजे उंच मचाण, शेताच्या मधोमध बांधण्याची जुनी पद्धत आहे आणि चारही बाजूंनी ज्वारीच ज्वारी असताना ती योग्यच होती. आता शिवार बदलले आहे. ऊस, सोयाबीन, द्राक्ष यांच्यामध्ये एखाददुसऱ्या एकराचा ज्वारीचा तुकडा उरतो. पूर्वी सगळ्या शिवारात वाटली जाणारी पाखरे आता त्या एका तुकड्यावर उतरतात, आणि शेजारचा ऊस त्यांना रात्रीच्या मुक्कामाला जागा देतो. अशा शेतात पाखरे कोणत्या बाजूने येतात हे दोन दिवस नीट पाहावे आणि राखणदाराने त्याच बाजूला उभे राहावे, म्हणजे थवा बसण्याआधीच वळवता येतो. मधोमध बसून गोफण फिरवली, तर पाखरे या टोकाची उठून त्या टोकाला बसतात आणि राखणदार दिवसभर थकतो. गोफणीचा धोंडा कणसांवर पडू देणे हीदेखील चूकच आहे, कारण गोफणीचा धाक तिच्या फटकाऱ्याच्या आवाजात असतो. आमचे चुलते म्हणत, "गुंडा आभाळात जाऊ दे, ताटावर नको." गुंडा म्हणजे गोफणीतला दगड आणि ताट म्हणजे ज्वारीचे उभे धाट.

रिबन लावूनही पाखरे बसतात, तेव्हा

एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी असलेली चमकणारी रिबन हा स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय आहे. तिच्याबद्दल सर्वाधिक तक्रारी येतात त्या बहुतेक वेळा लावण्यातल्या दोषामुळे. रिबन लावून झाल्यावर या बाबी क्रमाने तपासाव्यात. पहिली बाब दिशेची. रिबन उत्तर-दक्षिण ताणलेली असली, तर सकाळचे आणि संध्याकाळचे ऊन तिच्या पृष्ठभागावर पडून चमकते, आणि पाखरांच्या चाऱ्याच्या वेळाही त्याच असतात. पूर्व-पश्चिम लावलेल्या रिबनीवर त्या वेळी ऊन जवळजवळ धारेने पडते. दुसरी बाब पिळाची. दोन काठ्यांमध्ये रिबनीला दोन-तीन पीळ द्यावेत आणि ती फार ताठ किंवा फार सैल ठेवू नये, म्हणजे वाऱ्यावर ती थरथरते आणि गुणगुणल्यासारखा आवाज करते. पाखराला चमक आणि आवाज दोन्ही मिळून घाबरवतात, आणि पीळ न दिलेली रिबन या दोन्ही बाबतींत अपुरी पडते. तिसरी बाब उंचीची. निसवण्याआधी लावलेली रिबन पीक वाढल्यावर कणसांत बुडते, म्हणून काठ्या उंच घेऊन ती कणसांच्या वर एक-दीड फूट ठेवावी. दोन ओळींतले अंतर साधारण पाच मीटर ठेवावे. बांधावरून चारही बाजूंनी एकच फेरा मारून समाधान मानणाऱ्यांच्या शेताच्या मध्यभागी पाखरे निर्धास्त बसतात.

हे सगळे बरोबर करूनही पंधरा दिवसांत परिणाम ओसरू लागतो आणि त्यात रिबनीचा दोष नसतो. ज्या गोष्टीपासून प्रत्यक्ष इजा होत नाही, तिला पाखरू सरावते. म्हणून दाणा भरायच्या आधीच हौसेने रिबन लावून टाकणे टाळावे, नाहीतर खऱ्या गरजेच्या वेळी ती पाखरांच्या ओळखीची झालेली असते. बुजगावण्याचेही असेच आहे. ते उभे केले त्या दिवशी उपयोगी असते, आठवड्याने त्याचा उपयोग संपतो. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर विष्ठेचे पांढरे ठिपके दिसू लागले, की त्याच दिवशी त्याची जागा आणि कपडा बदलावा. रिबन, डबा, हाळी आणि गोफण एकाच दिवशी सगळे न वापरता दर तीन-चार दिवसांनी पालटून वापरले, तर महिनाभर धाक टिकतो.

नुकसान एकाच कोपऱ्यात होत असेल, तर

अशा वेळी त्या कोपऱ्यावरची बाभूळ, विजेची तार किंवा वाळलेली फांदी पाहावी. पाखरू सरळ कणसावर क्वचितच येते. ते आधी उंच जागी बसते, अंदाज घेते आणि मग खाली उतरते. ती बसण्याची जागा निकामी केली, तर निम्मे काम होते. झाड तोडण्याची मात्र गरज नसते. त्याच्याजवळ रिबनीच्या ओळी दाट लावल्या आणि राखणदार तिथे उभा राहिला, तरी पुरते. एक बाब हमखास विसरली जाते. लष्करी अळीसाठी किंवा शेजारच्या हरभऱ्यातल्या घाटे अळीसाठी आपण पक्षी थांबे लावतो, आणि कोतवाल, साळुंकी त्यांवर बसून अळ्या टिपतात. ज्वारीतले हे थांबे दाणा भरू लागताच काढून घ्यायला हवेत, नाहीतर त्यांच्यावर दाणा खाणारी पाखरे बसू लागतात.

नुकसान कोणाचे आहे हेही कणीस सांगते. टरफले जागेवर आणि दाणा नाही, तर ते काम चिमण्यांचे किंवा मुनियांचे असते. कणसाचे तुकडे खाली पडलेले असतील, तर पोपट आलेला असतो, कारण तो खातो त्याहून जास्त तोडून टाकतो. हिवाळ्यात काळ्या-गुलाबी भोरड्यांचे प्रचंड थवे मध्य आशियाकडून आपल्याकडे येतात आणि ढगासारखे शिवारावर फिरतात, तेव्हा शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते हे खरे आहे. पण त्याच भोरड्या नाकतोडेही मोठ्या प्रमाणात खातात. त्यांना आपल्या तुकड्यावर बसू न देणे पुरेसे आहे, मारण्याचे काहीच कारण नाही.

हे स्पष्टपणे लिहिण्याचे कारण असे, की हतबल झालेला माणूस कधी विष लावलेले दाणे टाकतो, कधी बारीक जाळे पसरून ठेवतो. पोपट, मुनिया यांसारख्या पाखरांना पकडणे किंवा मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. विषारी दाणा कोण खाईल हे टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्यात कोंबड्या आणि जनावरेही सापडतात, आणि मेलेल्या पाखरांवाटे घुबडे व घारीही मरतात. सैल पसरलेल्या जाळ्यात उंदरांवर येणारे घुबड आणि धामण अडकतात. जाळे वापरायचेच असेल, तर ते बियाण्याच्या लहान वाफ्यापुरते, चौकटीवर ताणून आणि रोज पाहणी करून वापरावे. प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून उडवण्याच्या तोफेपासून तर दूरच राहावे. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या नळ्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा केली. शेतात ती बहुधा पोरांच्याच हातात दिली जाते, आणि एका मुलाच्या डोळ्यापुढे पोतेभर ज्वारीची काय किंमत आहे?

पेरणीत झालेली चूक राखणीत भरून निघत नाही

शिवारात सगळ्यांच्या आधी निसवणारे आणि सगळ्यांच्या शेवटी उभे राहणारे शेत पाखरांच्या तोंडी हमखास पडते. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात होते, आणि एकाच महिन्याच्या दोन टोकांना पेरलेली शेते एकाच वेळी भरत नाहीत. त्यात फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण आणि मोहोळला निवड झालेली मालदांडी 35-1 शेजारी शेजारी असतील, तर फरक आणखी वाढतो. शेजाऱ्यांशी बोलून वाण आणि पेरणीचा आठवडा जुळवला, तर पाखरे सगळ्यांत वाटली जातात आणि राखणीची पाळीही लावता येते. हुरड्यासाठी दोन ओळी आगाप पेरायच्या असतील, तर त्या घराजवळ पेराव्यात, मुख्य पिकाच्या कडेला पेरू नयेत, कारण त्या ओळी पाखरांना शेताची वाट दाखवतात.

शेवटची चूक काढणीची आहे. दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो, त्या टोकाला काळा ठिपका दिसू लागला, की दाण्याची भर पूर्ण झालेली असते. त्यानंतर ताट उभे ठेवल्याने वजन वाढत नाही, पाखरांना मात्र जास्तीचे दिवस मिळतात. मजूर मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, म्हणून ठिपका दिसण्याच्या आठ दिवस आधीच माणसे सांगून ठेवावीत. ज्वारी काढून पाथी पडल्या, की राखण संपली असे समजू नये. आडवी पडलेली कणसे होल्यांना आणि पारव्यांना उभ्या कणसांपेक्षा सोपी जातात. कणसे खुडून खळ्यावर वाळत घातली, की सकाळ-संध्याकाळ त्यांवर जुनी लुगडी किंवा ताडपत्री टाकावी. शेतातली रिबन त्याच दिवशी गुंडाळून घरी आणावी, कारण उन्हाळाभर रानात फडफडणाऱ्या रिबनीला पाखरे सरावतात आणि पुढच्या पौषात ती पुन्हा बांधली, तर पहिल्याच सकाळी तिच्याखाली चरायला बसतात.