लूप शिकताना आधी विचारा: हा थांबणार कधी?

पहिल्या वर्षाच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना दर बॅचला एक गोष्ट दिसते. कंस, कोलन, ओळ आत सरकवणं हे सगळं लवकर अंगवळणी पडतं. गाडी अडते ती लूपवर, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या रचनेवर. त्यातही 'तेच काम परत परत' हे कुणालाही कळतं. घोळ होतो तो थांबण्यात.

म्हणून मी आधी संगणक बंद ठेवायला लावतो आणि सकाळचं पाणी भरायला घेतो. ओट्यावर पाच हंडे मांडलेत. एकेक नळाखाली धरायचा, भरला की पुढचा. हंडे संपले की काम संपलं. हा फॉर लूप. एखादा हंडा गळका निघाला तर तो सोडून पुढचा घ्यायचा, ते कंटिन्यू. मध्येच पाणी गेलं तर उरलेले हंडे तसेच ठेवून बाहेर पडायचं, तो ब्रेक.

आता मोरीतलं पिंप. कालचं थोडं पाणी शिल्लक आहे, त्यामुळे किती बादल्या लागतील ते सांगता येत नाही. आत डोकवायचं, भरलेलं नसेल तर एक बादली ओतायची, परत डोकवायचं. हा व्हाइल लूप. डोकावणं आधी, ओतणं नंतर. म्हणजे पिंप आधीच काठोकाठ असेल तर एकही बादली ओतली जाणार नाही. मुलांना हे चटकन पटत नाही; लूप लिहिलाय म्हणजे एकदा तरी फिरणारच, अशी त्यांची समजूत असते. (आधी ओतून मग बघणारा डू-व्हाइल सी भाषेत आहे, पायथनमध्ये नाही.)

आणि पिंपाचं बूच निघालेलं असेल तर? ओतत राहा दिवसभर. अटीतली किंमत लूपच्या आत बदलतच नसेल तर प्रोग्रामचं हेच होतं.

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून म्युझिक प्लेअर एकाएकी गोठले. तारखेवरून वर्ष काढणारा एक व्हाइल लूप त्यात होता: दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिर. लीप वर्ष असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच ३६६ वजा कर आणि वर्ष एकाने वाढव; लीप नसेल तर ३६५ वजा कर आणि वर्ष वाढव. २००८ लीप वर्ष, आणि तो दिवस नेमका ३६६वा. अट खरी, पण आत काहीच वजा होत नाही. लूप फिरतच राहिला. बॅटरी पूर्ण उतरू देऊन दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर यंत्रं ताळ्यावर आली.

हा लूप कागदावर चालवून बघा. दोन रकाने पाडा, 'दिवस' आणि 'वर्ष'. दर फेरीला दोन्ही किमती लिहा. सुरुवातीचं वर्ष २००८ धरा. आधी ४०० दिवस घेऊन करा, मग ३६६. दुसऱ्या वेळी तीच ओळ पुन्हा लिहायची वेळ आली की दोष बोट ठेवून दाखवता येतो. फक्त कोड वाचून तो चांगल्या-चांगल्यांच्या नजरेतून सुटतो.

फॉर लूपला ओळीने आकडे पुरवणाऱ्या रेंजचंही असंच कागदावर करा. रेंज (१, ५) म्हटलं की १, २, ३, ४ मिळतात. पाचवा हंडा रिकामाच राहतो. दुसरा आकडा थांबण्याचा असतो, तो स्वतः धरला जात नाही. पाचही हवेत तर (१, ६) लिहा.

एवढं करूनही टर्मिनलमध्ये, म्हणजे जिथे आज्ञा टाइप करून प्रोग्राम चालवतो त्या खिडकीत, प्रोग्राम थांबेना झाला, तर खिडकी बंद करू नका. कंट्रोल धरून सी दाबा आणि कोणत्या ओळीवर तो अडकला होता ते वाचा.