पॅरामेडिकल नोंदणी करताय? या चुका टाळा

‘सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन, नोकरी पक्की’ अशी जाहिरात दिसली, तर फी भरण्याआधी विचारा: या कोर्सवर राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळते का? ‘हो, मिळते की’ एवढ्यावर पैसे मोजू नका. सर्टिफिकेट कोण देणार आणि तो कोर्स कौन्सिलच्या मान्यता यादीत आहे का, ते स्वतः तपासा. या क्षेत्रासाठी महाराष्ट्राचा कायदा 2011 चा, केंद्राचा 2021 चा. केंद्राच्या कायद्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनलचा, म्हणजे टेक्निशियनसारख्या आरोग्य कर्मचाऱ्याचा, डिप्लोमा किमान 2000 तासांचा आणि दोन ते चार वर्षांत विभागलेला हवा. सहा महिने त्यात कसे बसवणार, हे क्लासवाल्यांनीच सांगावं.

जनरल ड्युटी असिस्टंटचं, म्हणजे वॉर्डातल्या रुग्णसेवा मदतनिसाचं, कौशल्य प्रमाणपत्र वाया जात नाही, वॉर्डात काम मिळतं. पण त्यावर टेक्निशियनची जागा मागू नका.

सगळ्यात जास्त डोकेदुखी नावाची. दहावीच्या मार्कशीटवर ‘शिंदे पूजा रमेश’, डिप्लोमावर ‘पूजा आर. शिंदे’ आणि आधारवर लग्नानंतरचं ‘पूजा सचिन मोरे’. आपल्या घरातल्यांना ही एकच पूजा, पण कागदांवर त्या तिघी. डिप्लोमावरची चूक विद्यापीठ किंवा मंडळच दुरुस्त करतं आणि तिथे वेळ जातो, म्हणून शेवटच्या परीक्षेचा निकाल लागताच त्याच्या मागे लागा. आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला हाताशी ठेवा. नाव कायमचं बदलायचं असेल तर राजपत्रात छापून घ्यावं लागतं. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाकडे हा अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी एजंटला पैसे देणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आधी कागद जुळवा, मगच नोंदणीचा अर्ज भरा.

इंटर्नशिपच्या दाखल्यावर विभाग, तारखा, सही आणि शिक्का आहे ना, हे हॉस्पिटल सोडण्याआधीच पाहा.

एक्स-रे टेक्निशियनना आणखी एक सांगणं: अणुशक्तीनगरच्या एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) किरणोत्सर्ग सुरक्षेचे नियम तुम्हालाही लागू आहेत. किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज मालकाने द्यायचा असतो. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या सेंटरमध्ये रुजू होऊ नका.

लॅबवाल्यांनो, नोंदणी झाली म्हणून पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही करता येत नाही. ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलंय. मालक म्हणाला तरी नाही.