राय: लंडनहून एका दिवसात

ईस्ट ससेक्समधलं राय हे टेकडीवरचं जुनं बंदर. गाळ साचत गेला आणि समुद्र तीनेक किलोमीटर मागे सरला. लंडनच्या सेंट पँक्रसहून हायस्पीड गाडीने अ‍ॅशफर्ड, तिथे गाडी बदलून राय. एकूण सव्वा तासाच्या आसपास. मात्र हायस्पीडचं भाडं जास्त असतं. साधं तिकीट काढून त्या गाडीत बसलात तर फरक भरावा लागतो. अ‍ॅशफर्डहून पुढे साधारण तासाला एकच गाडी, त्यामुळे परतीची वेळ आधीच टिपून ठेवा.

मर्मेड स्ट्रीट सकाळीच गाठा. दुपारी फोटोत गर्दीच येते. रस्ता गोल गोट्यांचा आणि चढाचा. पावसात तो चक्क निसरडा होतो, म्हणून जाड रबरी तळव्याचे बूट घाला. चाकांची बॅग इथे नकोच.

मग सेंट मेरी चर्चचा मनोरा. वाट इतकी अरुंद, की पाठीवरची सॅक भिंतीला घासते. ती हातात घ्या. वर जाण्याआधी जुन्या घड्याळाचा लांब लोलक चर्चमध्ये झुलताना पाहा. बाहेरचे सोनेरी पुतळे पाव तासाचे टोले देतात, तासाचे नाही. कादंबरीकार हेन्री जेम्सचं घर, लँब हाउस, जवळच आहे, पण ते रोज उघडं नसतं.

कँबर सँड्स या जवळच्या वाळूच्या किनाऱ्याला १०२ नंबरची बस जाते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच पाण्याकडे जा. किनारा इतका सपाट आहे, की भरतीचं पाणी वाळूच्या उंचवट्यांमागून झपाट्याने भरतं आणि परतीची वाट बंद होते.